कंपनीचं आणि आपलं

दाखल्यांवर मुलांची आडनावं कापली गेली, ती माझ्यामुळे. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका कॉलेजात मी बाबू आहे. पूर्वी असंच झालं, तेव्हा मी घाईत दाखल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीच्या मूळ सेटिंगच्या फाईलमध्येच नावाच्या रकान्याचा आकडा वाढवला होता. नवी आवृत्ती आली, तिने ती फाईल बदलली आणि माझी दुरुस्ती गेली.

प्राचार्य सगळ्यांसमोर रागावले ते संगणक दुरुस्तीवाल्यावर, कारण आवृत्ती त्याने टाकली होती. मी रजिस्टरात मान घालून बसलो.

हा माणूस रिठदहून मोटरसायकलवर येतो. आधी रुमालाने कीबोर्ड पुसतो, मग लवंग गालात सरकवून बोलू लागतो. त्याचे फोल्डर दोनच: मूळ फायलींसाठी ‘कंपनीचं’ आणि कॉलेजसाठी केलेल्या बदलांसाठी ‘आपलं’. मला कितीदा म्हणाला असेल, “कंपनीचं उद्या बदलन, बाबूजी. आपलं त्यात कायले मिसळवता?” आपल्या फाईलमधल्या प्रत्येक बदलावर तो कारणही लिहितो.

त्या दिवशी त्याने जुनी प्रत उघडली, माझा बदल पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि कुणाला काही बोलला नाही. तोच आकडा त्याने ‘आपलं’मध्ये घातला. वर लिहिलं, ‘आडनाव कापू नये म्हणून. उपाय बाबूजींचा.’

ते वाचून मला बसवेना. त्याला घेऊन मी प्राचार्यांच्या खोलीत गेलो. तिथे सगळे शिक्षक होते.

“सर, मूळ फाईलले हात मी लावला होता,” मी म्हणालो आणि त्याच्याकडे वळलो. “भाऊ, माह्या चुकीचे बोलणे तुमी खाल्ले अन् मी चूप बसलो. मले माफ करा.”