पीळमास्तरांची कंबर

पीळमास्तरांनी पहिल्याच दिवशी माझा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि मला बरणीच्या झाकणासारखं फिरवलं. मी हबकलोच. असिस्टंट मॅनेजर होऊन मला आठवडाही झाला नव्हता, आणि माझी गोल्फची पिशवी वाहणारा कॅडी चार साहेबांदेखत माझ्या कमरेला हात घालत होता. "साहेब, चेंडू हातान मारतंस तू," ते म्हणाले. "हातात काय जोर असतलो? कंबर फिरव." साहेबही म्हणायचं आणि अरे-तुरेही करायचं, दोन्ही एका दमात.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमच्या कंपनीचं नऊ होलचं मैदान होतं. गिरण्यांचा संप चिघळला तेव्हा पन्नाशीचे मास्तर तिथे कॅडी म्हणून लागले. छातीवर पितळी बिल्ला असेल त्यालाच काम, असा तिथला नियम. मी बोरिवलीच्या दोन खोल्यांतून आलेला माणूस. मोठ्या साहेबांनी फर्मावलं म्हणून खेळू लागलो. माझा चेंडू दर खेपेस उजवीकडच्या गवतात जाई आणि मास्तर तो मुकाट्याने शोधून आणत.

एका रविवारी ते घरून चक्क ओली गोधडी घेऊन आले. एक टोक माझ्या हातात दिलं. "घट्ट धरून ऱ्हव, हलू नको," म्हणाले आणि दुसऱ्या टोकाला पीळ घालू लागले. हिरवळीवर पाण्याची धार लागली. साहेब मंडळी बघतच राहिली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "आता बघ," मास्तर म्हणाले, त्यांनी आपलं टोक सोडलं, आणि गोधडी गरकन उलटी फिरली. "तुझे पाय म्हणजे धरलेला टोक. खांदे फिरवून पीळ भर. मग आधी कंबर सोड. हात आपसूक येतत." त्या दिवसापासून सगळे त्यांना पीळमास्तर म्हणू लागले.

महिनाभरात माझा चेंडू सरळ जायला लागला. पहिल्यांदा गेला तेव्हा मी वेड्यासारखा बघत राहिलो. हात तर मी जवळजवळ लावलाच नव्हता. मास्तर फक्त म्हणाले, "झाला ना? आता परत." कौतुकाच्या बाबतीत माणूस महाकंजूष.

इतकं शिकवायचे, पण स्वतः करून कधी दाखवत नसत. एकदा मी मागून हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही, कंबर वळवली नाही. पाय टाकत टाकत सगळंच्या सगळं अंग माझ्याकडे फिरवलं. कपाट सरकवावं तसं. मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सदरा वर केला. आत छातीपासून कमरेपर्यंत जाड कॅनव्हासचा पट्टा आवळलेला होता.

"गिरणीत तागे उचलताना गेली," ते म्हणाले. "दोन वर्सां झाली, वळूक जमणा नाय. ह्या आपल्यातच ऱ्हवांदे, साहेब. बिल्लो जातलो माझो."

आणि वर्षभर माझी ती भरगच्च पिशवी त्याच कमरेवर होती. मला रात्री झोप लागली नाही. आम्हा कचेरीतल्या लोकांना दुसऱ्याचं भलं करायचं म्हणजे अर्ज लिहायचा, एवढंच ठाऊक. सकाळी मी स्वतः टाइप केला: सदर इसमाच्या पाठीचं दुखणं लक्षात घेता त्यास फाटकावर बैठं काम द्यावं, ही विनंती. मास्तरांना विचारलं नाही. काम झालं की सांगू, चकित होतील, असं मनात होतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. तीन ओळी. सदर इसम कामास अपात्र असल्याचे आपण निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार. त्याचा बिल्ला जमा करून घेतला आहे. मी तो कागद चारदा वाचला. खाली सही कोणाची, तेही दिसेना.

तसाच घाटकोपरला गेलो. टेकडीवरच्या चाळीत मास्तर भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या बायकोने चहा दिला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मी काय काय बडबडलो, आठवत नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"माका आधी इचारूचा होता, साहेब," एवढंच म्हणाले. महिन्याभरात बिऱ्हाड गुंडाळून दोघं वेंगुर्ल्याला गेली. मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

मी खेळत राहिलो, हे सांगायला लाज वाटते. पुढे कंपनीची ढालसुद्धा जिंकलो. बक्षीस समारंभात नव्या साहेबांनी विचारलं, "इतकं सुंदर वळता, शिकलात कुणाकडे?" मी म्हणालो, "इथेच एक कॅडी होते. मी त्यांना काढून टाकायला लावलं." साहेबांना वाटलं, मी विनोद केला. ते मोठ्याने हसले, आणि त्यांच्या मागोमाग सगळे हसले.