आत्याबाईंचं सप्पर

परवा नातीच्या घरी गेले, तर ती परसातल्या पत्र्याच्या खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. आत छातीला लागेल इतकं सामान कोंबलेलं आणि तिला हवी असलेली शिडी नेमकी तळाशी. मला हसू आलं. तेवढ्यात आतून करडईच्या पोत्यांचा आणि अंबाडीच्या दोरांचा वास आला आणि मी थेट मुरुम गावाजवळच्या माझ्या सासरच्या परसात जाऊन पोचले.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. तहशिलीतून येणारा कागद उर्दूत, सासरचं घर मराठी आणि मी कन्नड मुलखातून आलेली नवी सून. सासऱ्यांची थोरली विधवा बहीण, आमच्या आत्याबाई, त्याच घरात राहायच्या. परसातलं तुराट्यांच्या कुडाचं सप्पर, म्हणजे तुरीच्या काड्यांच्या भिंतींचं खोपट, त्यांच्या ताब्यात होतं. चार माणसं दाटीनं बसतील एवढीच ती जागा, पण शेतीचं वर्षभराचं सामान त्यात सुखानं नांदायचं. या महिन्यात लागेल ते हाताशी, बाकीचं सगळं वर, ही त्यांची रीत. दोर आढ्याला, बियाणं राख चोळून भोपळ्याच्या वाळल्या तुंब्यांत, तुंबे शिंक्यांत, विळे-चाळण्या कुडातल्या खुंट्यांना. महिना पालटला की सामानही जागा पालटायचं. भुई मात्र रिकामी आणि सारवलेली. तिथं आम्ही दोघी पाय पसरून शेंगा फोडत बसायचो. माझं मराठी तिथंच झालं. त्या एकेक जिन्नस हातात देऊन नाव सांगायच्या आणि मी चुकले की पोट धरून हसायच्या. त्या घरात माझ्याशी हसणारं दुसरं कुणी नव्हतं.

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर सासूबाईंनी ठरवलं, आत्याबाईंना लोहाऱ्याला त्यांच्या दिराकडे कायमचं धाडायचं. कारण काय, तर घरात दाटी होते. आत्याबाईंना जायचं नव्हतं, पण त्यांना विचारतो कोण! त्यांनी मुकाट्यानं गाठोडं बांधलं आणि दारात उभ्या राहिलेल्या बैलगाडीत जाऊन बसल्या. मला रडू आवरेना.

तेवढ्यात सासरे परसातून ओरडतच आले. ज्वारी पेरायला माणसं रानात जाऊन बसलेली आणि पाभरीवरचं चाडं, म्हणजे ज्यातून बी सोडायचं ते लाकडी भांडं, सापडत नव्हतं. सासूबाईंनी अख्खं सप्पर उलथंपालथं केलं. शिंकी खाली आली, तुंबे घरंगळले, करडई भुईभर सांडली. आत्याबाई बाहेर गाडीतच होत्या, पण ज्यांना घालवायचं त्यांनाच विचारायचं कसं? मग माझ्यावर पाळी आली.

“सूनबाई, चाडं कुठं हाय गं? तू असतीस न्हवं तितं?” सासऱ्यांनी विचारलं.

मला ठाऊक होतं. दारावरच्या वाशावर, किंतानात गुंडाळून, आत्याबाईंच्या सांगण्यावरून मीच ठेवलं होतं. मी पदर पुढं ओढला आणि म्हणाले, “गोत्तिल्ला.” मला माहीत नाही.

“हिला मराठी कुठं कळतंय!” सासूबाई करवादल्या.

शेवटी सासरेच गाडीपाशी गेले. “आक्का, उतरा खाली. तुमच्याबिगर ह्या घरात काय गावत न्हाय बगा.”

आत्याबाई उतरल्या, सपरात गेल्या, हात वर केला आणि चाडं काढून दिलं. सासऱ्यांनी गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं. गाठोडं सासूबाईंनी स्वतःच उचलून आत नेलं.

मग आम्ही दोघी सांडलेली करडई भरत बसलो. “तुला ठावं हुतं न्हवं गं पोरी?” त्यांनी हळूच विचारलं. मी मान डोलावली. “मग बोलली का न्हाईस?” मनातलं सगळं सांगण्याइतकं मराठी मला अजून येत नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात धरला. त्या हसत सुटल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

पुढं निजामाचं राज्य गेलं, सप्परही पडलं. आत्याबाई त्याच घरात म्हाताऱ्या झाल्या आणि तिथंच गेल्या. आयुष्यात मी खरं पुष्कळ बोलले असेन, पण त्यातलं फारसं कुणाच्या कामी आलं असं वाटत नाही. त्या एका खोट्यानं मात्र आत्याबाई घरात राहिल्या आणि त्या राहिल्या म्हणून ते घर मला माझं वाटू लागलं.