लाखेच्या सिलातले सूत

नायलॉनचे सूत कुठे दिसले की तारापूरच्या कोळीवाड्यातली ती बाई अजून माझ्यासमोर उभी राहते.

साठच्या दशकातली गोष्ट. मी पालघर ठाण्यात नवा फौजदार होतो. पावसाळ्यात एके सकाळी ती बाई नवऱ्याला पुढे घालून ठाण्यात आली. नवरा गप्प, बोलणे सारे तिचे. पालघरच्या एका दुकानदाराकडे शिमग्यात त्यांनी नव्या जाळ्यासाठी सूत मागवले होते. ते आषाढात आले. पाड्याची रीत अशी, की गावदेवीची पूजा झाल्याखेरीज नव्या सुताचे पोते उसवायचे नाही. तोवर ते देवळात ठेवलेले. पूजेनंतर उसवले, तर वर चार लडी चांगल्या आणि खाली जुन्या जाळ्यांचे तुकडे.

दुकानदाराचे उत्तर तयार होते. माल घेताना तक्रार केली नाही, मग तुम्हीच बदलला.

ठाणे अंमलदाराने ठरलेले वाक्य ऐकवले, ‘बाब दिवाणी आहे, कोर्टात जा.’ मीही मान हलवली. तेव्हा गिऱ्हाइकाच्या तक्रारीला आमच्याकडे एवढीच जागा होती.

बाई हलली नाही. म्हणाली, “सायेब, जाळं नाय तर होडी वाळूवरच रवल. मालक दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातील. ते कोर्टात लिवतात का?”

तिला बाहेर काढले गेले. पण बाजारात ती गोष्ट पसरली, आणि दोन दिवसांनी ठाण्याच्या पायरीशी बसणाऱ्या मासळीवालीने आमच्या जमादाराला टोमणा मारला. तो दुकानदार म्हणे किनाऱ्यावरची फाटकी जाळी विकत घेत होता. तिनेही दिली होती. “नवं सूत इकणाऱ्याला जुनं जालं कशाला रं लागतं, जमादार? तो काय होडी घेऊन जातो?”

जमादाराने ते हसत हसत मला सांगितले. मला हसू आले नाही.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलणारा माणूस. त्याने चहा मागवला, कोळी लोक कसे अडाणी आणि देवभोळे असतात ते सांगितले. पोते देवळात पडून राहते, ही रीत त्याला पुरती ठाऊक होती. मी वाद घातला नाही. पोती कोण भरते, एवढेच विचारले.

“मी स्वतः, साहेब. सगळी माझ्या हातची शिवलेली. एका पोत्यात फरक सापडला तर बोला.”

गाडीची वाट पाहत दाराशी तीन पोती उभी होती, दुसऱ्या गावांच्या नावाची. ती अजून कुठल्याच देवळात गेली नव्हती. मी पंच बोलावले आणि त्यातले एक उसवायला लावले. वर लडी, खाली तुकडे. दुकानदाराने चहाची कपबशी हळूच खाली ठेवली.

मागच्या खोलीत भाताच्या कोंड्याखाली खरे सूत निघाले. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, पंचनामा झाला, सूत जप्त केले. लाखेचे सील माझ्या हाताने लावले. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी बाई आनंदाने आली. पाटी घेऊनच आली होती.

मी सांगितले, सूत आता मुद्देमाल आहे, खटला संपेपर्यंत मिळणार नाही. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला असता तर ताबा मिळण्याची वाट होती. मला ती माहीत होती. पण अर्ज म्हणजे पुन्हा अहवाल, पुन्हा वजन, पुन्हा सील. आणि पुरावा हलला तर खटला सैल होईल ही धास्ती. मी बोललो नाही. ती रिकामी पाटी घेऊन परत गेली.

नारळी पौर्णिमा झाली. तिची होडी वाळूवरच राहिली. पुढे ती विकली गेली, आणि नवरा अणुवीज केंद्राच्या बांधकामावर खडी वाहू लागला.

खटला रेंगाळत संपला. दुकानदाराला दंड झाला. तो भरून त्याने त्याच दिवशी दुकान उघडले. सूत परत करण्याचा हुकूम झाला, तेव्हा बाईला बोलावले. मी पावती लिहून तिच्यापुढे शाईचा पॅड सरकवला.

तिने अंगठा पुढे केला नाही. “या टायमाला उघडून बगते,” म्हणाली.

सील फोडले. मुद्देमालाच्या खोलीत उंदरांनी पोते पोखरले होते. वर चार लडी धड होत्या, खाली तुकडे.

मूठभर तुकडे उचलून तिने माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, “त्याची तक्रार तुमच्याकडं केली, सायेब. तुमची कोनाकडं करू?”

आता ग्राहकासाठी कायदा आहे, मंच आहेत. निवृत्तीनंतर कुणी विचारले, तर मी एकच सांगतो : माल उशिरा आला की नुसता माल उरतो, ज्यासाठी मागवला ते उरत नाही. न्यायाचेही तसेच आहे, हे मला त्या टेबलावर कळले.

शेवटी तिने अंगठा दिला, कारण त्याखेरीज आमचे प्रकरण बंद होत नव्हते. पावतीवर ‘मुद्देमाल सुस्थितीत मिळाला’ असे लिहिले होते. अक्षर माझेच होते. ते मी खोडले नाही.