मोजून दिलेलं पाणी

डायलिसिस सुरू झाल्यापासून ह्यांचं दिवसभराचं पाणी मी सकाळीच एका बाटलीत मोजून भरते. ह्यांची लघवी जवळजवळ बंद झाली आहे, त्यामुळे पोटात जाईल ते अंगातच साठतं. पाय सुजतात, वजन वाढतं, आणि फारच झालं तर पाणी छातीत चढून आडवं पडणंही मुश्कील. चहा, ताक, पातळ आमटी, सगळं त्याच बाटलीतून वजा. गोळ्या चहाच्या घोटाबरोबर उरकायच्या. अगदीच राहवेना झालं तर बर्फाचा खडा चघळायचा, नाहीतर चूळ भरून टाकायची. नवऱ्याच्या तहानेवर पहारा देणं ही आता माझी नोकरी आहे आणि तिला रविवारची सुट्टी नाही. थकले आहे मी.

बाकी सगळं जग मात्र पाणी प्या म्हणून मागे लागलेलं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या फोटोखाली कुणीतरी लिहिणार, भरपूर पाणी प्या, निरोगी राहा. नातेवाईक लांबून उंटावरून शेळ्या हाकणार. "अगं, पाण्याला कुणी नाही म्हणतं का?" ऐन उन्हात पुतण्या एपीएमसी मार्केटमधून भलंमोठं कलिंगड घेऊन आला. मायेनंच आणलं होतं. हे त्या कलिंगडाकडे असे बघत राहिले की मला त्या फळाचाच राग आला. न कापता उचललं आणि शेजारी देऊन टाकलं.

शेजारच्या भाभींचे रोजे चालू होते. कलिंगड हातात घेत म्हणाल्या, "आमचा रोजा संध्याकाळच्या अजानला सुटतो गो. भाईंचा कदी सुटायचा?"

मी घरात आले आणि ह्यांची बाटली उजेडात धरून किती उरलंय ते बघितलं.

ह्यांच्यासमोर ग्लास तोंडाला लावणं मला कधीच जमलं नाही. लाज वाटायची. मग स्वयंपाकघरात जायचं, फ्रिजचं दार उघडायचं आणि त्याच्या आड उभ्याउभ्या दोन घोट घ्यायचे. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी गत. पुढे तेवढंही राहून जायला लागलं. जुईनगरच्या बाजारात भाजी घेताना एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली. उन्हाचं असेल म्हणून सोडून दिलं. मग लघवीला जळजळ, कंबरेत कळ, आणि एका दुपारी हुडहुडी भरून ताप. तेव्हा हेच मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेले. एरवी ह्यांना हाताला धरून मी नेते, त्या दिवशी उलटं झालं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

नवऱ्याच्या घोटाघोटाचा हिशेब मला तोंडपाठ. स्वतःचं काही सांगता येईना.

बाई चांगल्याच उखडल्या. "त्यांच्या किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून त्यांना कमी. तुमच्या धडधाकट आहेत, त्यांना धुऊन काढायला पाणीच मिळत नाहीये. दोघांनी मिळून आजारी पडायचं ठरवलंय का?" मी मान खाली घातली. हे शेजारच्याच खुर्चीत बसून सगळं ऐकत होते.

घरी आल्यावर मी पलंगावर टेकले. हे आत गेले आणि काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आले. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"पी."

"ठेवा तिथे. पिते मी नंतर आत जाऊन."

"आत नाही. इथेच, माझ्यासमोर. तू फ्रिजआड पितेस ते मला कळत नाही का? घोट गिळल्याचा आवाज बाहेर येतो."

मला रडू आलं, रागही आला. एवढे दिवस कळत होतं आणि एका शब्दानं बोलले नाहीत! तांब्या उचलून मी प्यायला लागले. हे एकटक बघत होते. माझ्या प्रत्येक घोटाबरोबर ह्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. ते दिसलं आणि मी तांब्या खाली घेतला.

"थांबू नकोस," हे म्हणाले.