देवाच्या गोळ्या

गेल्या वर्षी आमच्या घरात माझ्यापेक्षा माझ्या गुडघ्यांना, छातीला आणि डोक्याला जास्त मान होता, कारण त्यांना स्वतंत्र डॉक्टर होते. गुडघ्यांचे वाशिमला, धडधडणाऱ्या छातीचे अकोल्याला आणि चक्कर येणाऱ्या डोक्याचे आणखी कुठे. मी प्रत्येकाकडे धुतलेली साडी नेसून जायची, ज्याच्या खात्यातलं दुखणं त्याला सांगायची आणि "बाकी सगळं बरं हाये जी," म्हणून आमच्या गावाची, मेडशीची एसटी पकडायची. हाडांच्या डॉक्टरांपुढे छातीचं रडगाणं गाणं मला उद्धटपणाचं वाटे. माणूस एवढा शिकलेला, त्याला नसत्या विषयात कशाला ओढा?

वय अठ्ठेचाळीस. अंगातून मधूनच अशी वाफ निघायची की भाकरी तव्यावर टाकून मी फ्रिज उघडायची आणि दह्याच्या भांड्याशेजारी तोंड धरून उभी राहायची. नवरा म्हणायचा, "काय शोधून राह्यली वं?" मी म्हणायची, "कोथिंबीर." आमच्या घरी त्या उन्हाळ्यात कोथिंबीर फार शोधली गेली.

पाळीचं तर काही धोरणच उरलं नव्हतं. कधी दीड महिना पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा, आणि आली की मुक्कामालाच. शेवटी वाशिमला एका दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली आणि म्हणाले, "आता तुम्हाला काय करायचीय पिशवी? काढून टाका, कटकट मिटेल. फक्त रक्त फार कमी आहे, आधी ते वाढवून या." दसऱ्यानंतरची तारीखही दिली.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या बायकांत गर्भाची पिशवी बाळगून असलेली मी जवळपास शेवटचीच होते. सासूबाई तर देवापुढे साखर ठेवून आल्या. "काढून टाक बाई. देवाधर्माले मोकळी होशीन," म्हणाल्या. मीही मान हलवली. पण आपल्या आतलं काहीतरी कापून काढणार आणि ते नक्की कशासाठी, हे मला कुणाला विचारता येत नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाले असते, भित्री आहे. आणि ते खरंच होतं.

रक्त वाढवायला आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला गेले. तिथे सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बसतात, माझ्या पुतणीच्या वयाच्या. मी चिठ्ठी पुढे केली आणि म्हटलं, "रक्ताच्या गोळ्या पाह्यजेत. बाकी सगळं बरं हाये."

त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. "काकू, सकाळी उठल्यापासून सांगा."

"काय सांगू?"

"सगळं. काय खाता, कधी खाता, झोप कशी येते, घरात काम कोण करतं, शेवटचं स्वस्थ कधी बसलात."

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली. म्हटलं, "आत्ता एसटीत बसली होती." त्या हसल्या, पण लिहून घेतलं. मग मी बोलत सुटले. पाच वाजता उठणं, उपाशीपोटी कोरा चहा, मग सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवण, गुडघे, वाफ, धडधड, विनाकारण येणारं रडू. रडण्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचा डॉक्टर कोणता, तेच माहीत नव्हतं. बाहेर रांगेतल्या बायका दारातून डोकावून जात होत्या. त्यांना वाटलं असेल, हिला काहीतरी भयंकर झालंय.

"पाळीच्या तारखा लिहून ठेवता?"

"हो तं. कॅलेंडरवर."

"पुढच्या वेळी ते घेऊन या."

पुढच्या आठवड्यात मी भिंतीवरचं कॅलेंडर, त्यामागे टांगलेल्या आदल्या सालच्यासकट, गुंडाळी करून घेऊन गेले. मॅडमनी ते टेबलावर पसरलं आणि लाल पेनाने ठसठशीत गोल केलेल्या एका तारखेवर बोट ठेवलं. "ही केव्हाची?"

"ती गाईची. गाभण राह्यली त्या दिवशी."

"आणि ही?"

"सिलिंडर लावलं."

"मग तुमची कुठे आहे?"

माझी कोपऱ्यात होती. पेन्सिलीचा ठिपका, तिळाएवढाही नाही. सासऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लग्न झाल्यापासून तशी सवय. मॅडमनी चष्मा पुसून एकेक ठिपका शोधला. मग त्यांना काही ठिपक्यांआधी बारीक फुल्या दिसल्या. वर्षभरात आठ-नऊ जागी.

"या फुल्या कशाच्या?"

"त्या गोळ्यांच्या. पाळी पुढं ढकलाच्या."

त्यांनी पेन खाली ठेवला. "कोणी दिल्या?"

"मेडिकलवाल्याकडून आणतो आमी. महालक्ष्म्या असल्या, दसरा असला, सत्यनारायण, पुतण्याचं लग्न, भागवत सप्ताह... घरात आडकाठी नको."

"किती वर्षं?"

"सासूबाईचे गुडघे गेले तवापासून. दहा-बारा वर्षं असतीन."

"आणि हे तुम्ही एकाही डॉक्टरला सांगितलं नाही? वाशिमच्याही?"

"अवो मॅडम, त्यांनी विचारलं होतं कोणतं औषध चालू हाये. ते औषध थोडंच हाये? ते देवाचं हाये."

हे बोलल्यावर ते किती मूर्खासारखं आहे ते मला स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. चार डॉक्टरांना मी माझ्या गुडघ्याच्या तेलापासून सगळं सांगितलं होतं आणि हे एकच सांगितलं नव्हतं. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात औषधाचा डबा आणि देवघर अशी दोन वेगळी कपाटं होती आणि या गोळ्या देवघरात, हळदकुंकवाच्या मागे असायच्या.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "या वयात पाळी आपणहूनच डळमळते. त्यावर तुम्ही वर्षातून आठ वेळा अशा गोळ्या घेतल्यात. यातलं शरीराचं किती आणि गोळीचं किती, कसं कळणार? तीन महिने त्या बंद करा. पिशवीच्या आतल्या अस्तराची तपासणी करू, थायरॉईड पाहू, रक्त भरून काढू. धडधडीला आणि चकरेला कमी रक्तच कारण असेल, पाहू. आणि सगळ्यांच्या आधी जेवा. ऑपरेशन लागलं तर मीच सांगीन. पण आधी पाहू तर द्या."

तीन महिने. बोटं मोजली तर मध्ये महालक्ष्म्या येत होत्या.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनीही बोटं मोजली. मग म्हणाल्या, "ती पोरगी सैपाकाले येणार हाये का सोळा भाज्यांच्या?" मी थोरल्या जाऊबाईंकडे गेले. त्यांची पिशवी पस्तिशीतच काढलेली. वाटलं, त्या तरी म्हणतील, काढ आणि मोकळी हो. त्या निवडायला घेतलेल्या अंबाडीवरून हात न काढता म्हणाल्या, "मले विचारतं? माही काढली आन् त्याच वर्षापासून हे अंगातून जाळ निघणं सुरू झालं. आन् मोकळी म्हणशीन तं, काढली तवापासून एक दिवस सुट्टी नाई मले. कोणाकडे बी पूजा असो, मलेच बोलावतात. मी कायमची सोवळी ना!"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाहेर बसाचा मले लय राग येत जाय. पण तेवढे चार दिवस पाठ तं टेकत होती वं."

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पहाटे, पुरणाची डाळ निवडून ठेवलेली असताना, पाळी आली. गोळ्या घेतल्या नव्हत्या, त्यामुळे यायचीच होती, तरी मला चोरी पकडल्यासारखं झालं. न्हाणीच्या दारात उभं राहून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बस मंग तिकडं." आवाजात राग होता. मी ओसरीतल्या खाटेवर जाऊन बसले. मनात म्हटलं, झालं, दसऱ्यानंतर जाऊन पडावं टेबलावर आणि संपवावं एकदाचं. दरवर्षी सासूबाईंचं हे तोंड कोण पाहील?

जाऊबाई आल्या. पण त्या एकट्या आणि भाज्या सोळा. मग नवऱ्याने धोतर नेसून सोवळ्यात प्रवेश केला. या माणसाने आयुष्यात पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेतलं नव्हतं, आणि आता तो पुरण वाटत होता.

"अवं, हे चिकट कायले झालं?" आतून आवाज आला.

"पाणी निथळलं नाई तुमी," मी ओसरीतून म्हणाले.

"मंग आधी सांगाचं!"

"तुमी विचारलं कुठं?"

पोळ्या नकाशासारख्या झाल्या. महालक्ष्म्यांनी नैवेद्य नाकारल्याचं काही दिसलं नाही. दुपारी पंगत बसायच्या आधी जाऊबाईंनी मला ताट आणून दिलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या दिवशी पंगतीआधी जेवले आणि भर दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना, चक्क झोपले.

जाग आली तेव्हा पायाशी जरा अंतर ठेवून सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "त्या पोरीनं तुले उठल्यापासून सगळं विचारलं म्हणतं?"

"हो."

"मले तं कोणी असं विचारलंच नाई," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कई जाशीन पुन्हा?"

तीन महिन्यांनी दोघी मिळून मालेगावला गेलो. माझं रक्त बरंच चढलं होतं. अस्तराच्या तपासणीत काही वावगं निघालं नव्हतं. रक्तस्राव आवरला होता, अगदी शहाण्यासारखा नाही, पण बराच. वाफ अजून येते, गुडघे अजून कुरकुरतात. मॅडम म्हणाल्या, "आत्ता ऑपरेशनची गरज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू." मग त्या सासूबाईंकडे वळल्या, "आजी, उठल्यापासून सांगा," आणि त्या जे सुरू झाल्या ते थांबेनात.

मी बाहेर आले. नवरा आमच्या एसटीमागून आलेला, मोटारसायकलला टेकून उभा होता.

"काय म्हणे?"

"काढाची गरज नाई म्हणे आत्ता."

तो थोडा वेळ गाडीचा आरसा पुसत राहिला, आरसा स्वच्छच होता. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बरं झालं. मले लय भेव वाटे."

"मंग बोलले काहून नाई इतके दिवस?"

"तू बी कुठं बोलली?" तो म्हणाला.

आत सासूबाई अजून सकाळच्या चहापर्यंतच पोचल्या होत्या. आम्ही दोघं कडुनिंबाखाली त्यांची वाट पाहत बसलो.