काचेमागचा धोटा

आमच्या बाई चालायच्या कमी आणि धावायच्या जास्त. संग्रहालयात शिरल्यावर तर त्यांना आवरणं कठीण. सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेत त्या आम्हाला इतिहास शिकवत, आणि दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमची वरात सिटीबसने तापीकाठच्या संग्रहालयात नेत. दारातच हुकूम सुटे, "हात मागे, डोळे पुढे!" आम्ही पाठीमागे हात बांधून मुकाट्याने रांगेत, आणि बाई मात्र या काचेकडून त्या काचेकडे पळतायत, हरखून आम्हाला हाका मारतायत. शिस्त लागे ती आम्हालाच.

निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या ताटलीपुढे दरवर्षी त्यांचा श्वास अडके. "बघा, बघा! जहाजात बसून आलीय ही, आणि एक टवका उडालेला नाही. तुमच्या घरी कपाला कान शिल्लक आहे का?" मुलगे तलवारींपाशी घुटमळले की दंड धरून ओढत, "लढाई एक दिवसाची रे, कापड रोज लागतं. इकडे या!" मग जरीच्या शालूपुढे आम्ही पोरी आणि बाई सारख्याच आ वासून उभ्या. बाईंना हे सगळं पाठ होतं, तरी दरवेळी पहिल्यांदाच बघत असल्यासारखा त्यांचा आवाज चढे. आम्हाला त्याचं हसू येई आणि हेवाही वाटे.

सातवीत असताना त्या शालूपुढे मी सहज विचारलं, "बाई, माझे आबाही कापड विणतात. त्यांचं इथे काय आहे?"

बाईंनी शालूकडे पाठ फिरवली. मग माझा हात धरून तडक साहेबांच्या खोलीत! संग्रहालयाचे साहेब गुजराती, शांत माणूस. बाईंच्या गुजरातीत निम्मं मराठी आणि उरलेले हातवारे, तरी त्यांना कळलं. जिन्याजवळची काचेची एक पेटी रिकामी आहे, म्हणाले. वस्तू आणा, बघू. बाहेर येऊन बाईंनी आम्हाला जाहीर सांगितलं, "आता आपलं काहीतरी इथे लागणार!" बसमध्ये आम्ही इतका गोंधळ घातला की कंडक्टरने हात जोडले.

त्याच रविवारी बाई आमच्या खोलीवर हजर. आबा, म्हणजे माझे वडील, अमळनेरकडचे, लूमवर विणकर. सुरतेत आल्यावर ज्या पहिल्या धोट्यावर ते काम शिकले, तो झिजल्यावर मालकाकडून मागून घेऊन त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला होता. लूमवर याच लाकडी धोट्याच्या पोटात बाण्याची, आडव्या धाग्याची कांडी बसते आणि तो ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावतो. दर दसऱ्याला आबा त्याची पूजा करत. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी खाता खाता बाईंनी तो मागितला. आबांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

ठरल्या दिवशी आबा नवा शर्ट घालून संग्रहालयात आले. टॉवेल उलगडला, तर धोट्यावर दसऱ्याचं हळदकुंकू जसंच्या तसं, वर सुकलेली झेंडूची माळ. साहेब म्हणाले, "बेन, आ साफ करवुं पडशे." वस्तू स्वच्छ करूनच पेटीत ठेवायची, हा त्यांचा नियम.

आबांनी टॉवेल पुन्हा गुंडाळायला घेतला. "बाई, कुकू पुसनं व्हई ते धोटा भेटाव नई."

आबांचा धोटा लागणार, असं वर्गातल्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं. रिकामी पेटी समोर उघडी होती आणि आबा दाराकडे निघालेही होते. तेवढ्यात बाई दोघांच्या मध्ये आल्या आणि एकदम पेटल्या, "साहेब, पुसलंत तर उरेल काय? लाकूड! असं लाकूड सुताराकडे पैशाला पासरी मिळतं. हा माणूस त्याला हात जोडतो, ते कुठे दाखवणार तुम्ही?"

साहेबांनी चष्मा काढला, धोटा खिडकीशी नेऊन न्याहाळला. मग म्हणाले, माळ काढावी लागेल, किडे होतात. कुंकू राहू द्या. आबांनी स्वतःच माळ उतरवून खिशात ठेवली.

आठवड्याने सगळा वर्ग बघायला गेला. पाटीवर गुजरातीत आणि खाली मराठीत लिहिलं होतं: 'धोटा, उधना. दसऱ्याच्या पूजेसह.' बाई धावत पुढे गेल्या आणि दोन्ही तळवे काचेवर टेकून उभ्या राहिल्या. आम्ही एका सुरात ओरडलो, "बाई, हात मागे!" बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. आबा मात्र काचेपासून लांब, पाठीमागे हात बांधून, आमच्याच रांगेत उभे होते. इतके ताठ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात बाईंच्या यजमानांची जळगावला बदली झाली. उधना स्टेशनवर आम्ही झाडून सगळे गेलो. गाडी हलता हलता बाईंनी खिडकीतून विचारलं, "कुंकू आहे ना गं अजून?"

"आहे, बाई!"

मी ओरडून सांगितलं, पण हात कुणीच हलवला नाही; सवयीने आम्ही सगळे हात पाठीमागे बांधूनच उभे होतो, आणि आबाही. बाईंनी ते पाहिलं आणि अर्धं अंग खिडकीबाहेर काढून ओरडल्या, "अरे वेड्यांनो, मी काय काचेत आहे? हात पुढे काढा, हलवा की!"

सगळ्यांत आधी आबांनी हात वर केला.