कंपनी बंद झालेला चाकू

कुणी चाकू उसना मागितला की सुगराआपा त्याला हात पुढे करायला लावत आणि बोटं मोजत. ‘पाच हायत. परत देताना बी पाचच दिसायला पाहिजेत,’ म्हणत. आणि शेवटी चाकू देत नसतच. जे कापायचं ते स्वतः कापून देत.

घडीचा, बोटभर लांबीचा, पितळी मुठीचा तो चाकू त्यांनी लग्नाआधी नांदेडच्या बाजारात घेतला होता. बनवणारी कंपनी पुढे बंद पडली. हे आपा प्रत्येक नव्या माणसाला खानदान सांगावं तसं सांगत. ‘चीज बंद झाली की जपावी लागते, मॅडम. माणसं काय, रोज बनूनच राहिलीत.’

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं भूकंपाच्या साली, लातुरात. मदतीच्या कपड्यांची गाठोडी आम्ही सहा जणी दातांनी सोडवत होतो. आपांनी कमरेच्या बटव्यातून चाकू काढला आणि चार गाठी उडवल्या. पहिल्याच गाठोड्यातून टाय निघाला. ‘घर पडलेल्या माणसाला ह्ये कुणी पाठवलं असंल, बाई?’ असं म्हणत त्यांनी त्याच टायनं ताडपत्रीचं टोक खांबाला बांधलं.

पुढे शिकवणीवर्गांनी लातूर भरून गेलं. मी मुलींचं वसतिगृह काढलं आणि आपांना रेक्टर नेमलं. गावाकडून आलेलं प्रत्येक पार्सल त्या चाकूनं उघडायचं आणि पहिला लाडू आपांचा. ‘तपासावं लागतं. जबाबदारी हाय.’

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पूर्ण बाह्यांचे कपडे चालत नाहीत. मी तशी नोटीस लावली होती. इस्लापूरच्या सुनीतानं ती वाचली नव्हती. परीक्षा केंद्राचं फाटक बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि पोरगी आईनं शिवलेल्या नव्या ड्रेसात रडत उभी. माझ्याकडे कात्री नव्हती. (नंतर मी सहा घेतल्या.) आपांनी चाकू उघडला, पण बाही कापली नाही, खांद्याची शिवण उसवायला घेतली. ‘कापलेलं जुळत न्हाई. टाका काढला तर सांजच्याला परत घालता येतो.’

एक बाही उतरली तोच हवालदार आले. ‘परीक्षेच्या फाटकावर चाकू? द्या इकडं.’

‘देते. दुसरी बाही होऊ द्या.’

‘आत्ता द्या, न्हाईतर तुम्हाला बी उचलतो.’

‘उचला की. पण पोरीला एका बाहीवर आत सोडता का, ते आधी सांगा.’

हवालदार चौकशीला फाटकाकडे वळले. चाकू मिटून बटव्यात टाकायला आणि गर्दीत शिरायला तेवढा वेळ पुरेसा होता. पण आपा मान खाली घालून टाके उसवत राहिल्या. सुनीता आत पळाली, तेव्हा त्यांनी पातं पदराला पुसलं, चाकू मिटला आणि परतलेल्या हवालदारांच्या तळहातावर ठेवला. ‘खटका हळू दाबा. कंपनी बंद हाय.’

चाकूसाठी त्या चौकीत तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा कळलं, हवालदार निवृत्त होऊन चाकूसकट शिरूर अनंतपाळला गेलेत. आपा एसटीनं तिथे गेल्या आणि रिकाम्या हातानं परतल्या.

‘दिला नाही?’ मी चिडून विचारलं.

‘मागितलाच न्हाई. मखमलीच्या फडक्यात ठेवलाय त्यानं. माझ्यापेक्षा लई साफ. फकस्त तेल खोबऱ्याचं घालून राहिला, येडा.’

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपा त्यांना फोन करत. ‘घातलं का तेल? मशीनचंच ना? दोन थेंब?’ पलीकडचं मला ऐकू येत नसे. आपा ‘हाव, हाव’ करत आणि एक शिवी देऊन फोन ठेवत. हे चार वर्षं चाललं.

यंदा उन्हाळ्यात हवालदारांचाच फोन आला. ‘दोन म्हैने झाले, आपांचा फोन न्हाई.’

आपा एप्रिलमध्ये गेल्या, झोपेतच, असं मी सांगितलं.

ते म्हणाले, ‘चाकू आणून देऊ का, मॅडम?’

‘तुमच्याकडेच राहू द्या,’ मी म्हणाले. ‘आज पहिली तारीख आहे. तेल घातलं का?’